दुसऱ्यांदा वाजला तर

गेल्या शुक्रवारपासून बानाबाईच्या कानात एक कोकरू ओरडत होतं. चुलीला फुंकर घालताना ओरडायचं, हंडा डोक्यावर घेताना ओरडायचं, आणि कंपनीच्या बागेत उकिडवं बसून खुरपं चालवताना तर इतकं जवळून ओरडायचं, की ती दचकून मागं बघायची. मागं काहीच नसायचं. कंपनीची पांढरी भिंत, भिंतीवर रोवलेल्या काचा, आणि गोल गोल फिरून हिरवळीवर पाणी मारणारा नळ.

चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडला लागून असलेली ही जमीन बानाबाई सासरी आली तेव्हा नुसतं माळरान होती. तिच्या सासऱ्याची वाघूर इथंच लागायची. सुताच्या जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाहेर राखणीला कुत्रं. आता तिथं रंगाचे डबे तयार होत. साहेबाच्या केबिनपुढं हिरवळ केली होती आणि त्यातला लव्हाळा उपटायला बानाबाई रोजानं जायची. उपटलेलं गवत गाड्यात भरून भिंतीबाहेर फेकायचं. घरी न्यायचं नाही. संध्याकाळी गेटवरचा वॉचमन बायांना पदर झटकून दाखवायला लावायचा.

"न्यायाला तरी घरी मेंढरं कुठं ऱ्हायलीत?" असं ती एकदा त्याला म्हणाली होती. तो म्हणाला, "साहेबाचा हुकूम हाय, बाई. झटक."

मेंढरं सोनाजीनं विकली होती. सगळा कळप. दुधापुरती एक शेळी तेवढी दारात ठेवली होती. सोनाजी म्हणजे तिचा नवरा. उंच, वाकलेला, बोलायला कमी. चरायला रान उरलं नव्हतं, आणि एकुलता एक पोरगा भिकन दहावी होऊन हातात काठी धरायला तयार नव्हता. "मेंढरामागं मी नाय जायचो, आबा. पोरं मला मेंढक्या म्हणतेत," असं तो म्हणायचा. शहरातल्या एका एजंटानं सांगितलं, सौदीत फ्रिजच्या कंपनीत हेल्परची जागा आहे. कळप ट्रकात चढला, आणि महिन्याभरात भिकन विमानात. तेव्हापासून सोनाजी चारचौघांत बसला की एवढंच सांगायचा, "पोरगं थंड हवेच्या कंपनीत हाय." आणि सोनाजी स्वतः कंपनीच्या गेटवर गाड्या भरायची हमाली करायचा.

पहिलं वर्षभर भिकनचा फोन पुंजारामच्या घरी यायचा. गावात तेवढाच एक फोन. पुंजाराम जमिनींची दलाली करायचा. रोडच्या कडेची अर्धी रानं त्याच्याच हातून कंपन्यांकडं गेलेली. बानाबाईनं त्याच्या उंबऱ्याबाहेर बसून राहायचं. फोन आला की आत जाऊन उभ्यानं बोलायचं. पुंजाराम तक्क्याला रेलून ऐकत असायचा. बोलणं संपलं की वयानं मोठ्या असलेल्या सोनाजीला म्हणायचा, "सोन्या, पोरगं रडत व्हतं का रं?" सोनाजी नुसता हसायचा. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बाया बानाबाईला विचारायच्या, "भिकन रडत व्हता म्हणं?"

मग फाट्यावर रामकिसनचा बूथ झाला. रामकिसन बौद्ध वस्तीतला, बारावी शिकलेला. लहानपणी एक पाय पोलिओनं गेला होता, म्हणून अपंगांच्या कोट्यातून त्याला बूथ मिळाला. त्याची आई पारूबाई बानाबाईच्या शेजारी बसून त्याच बागेत खुरपायची. तिनंच बानाबाईला बूथवर नेलं. काचेची खोली, आत लाल फोन, वर आकडे पळवणारं मीटर, आणि बसायला स्टूल. बानाबाई पहिल्यांदा आली तेव्हा उभीच राहिली. रामकिसन म्हणाला, "मावशी, बसा की. उभं राहून काय बोलणं व्हतं का?"

त्यानंच स्वस्तातली युक्ती काढून दिली. इकडून सौदीला फोन लावायचा म्हणजे मीटरचे आकडे बघूनच माणसाला घाम फुटायचा. तिकडून भिकननं लावायचा म्हटलं तरी महिन्याला एखादाच परवडायचा. पण फोन उचलल्यावर पैसे सुरू होतात. नुसता वाजला तर कुणालाच काही पडत नाही. तेव्हा ठरलं असं: दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की भिकन एका दुकानातून फोन लावणार. दोनदा घंटी वाजून बंद झाला की समजायचं, पोरगं खुशाल आहे. लगेच दुसऱ्यांदा वाजला तर उचलायचा, त्याला बोलायचंय.

तेव्हापासून दर शुक्रवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बानाबाई धुतलेलं लुगडं नेसून फाट्यावर जायची. दोन घंट्या ऐकायची. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. फोन गप्प झाला तरी थोडा वेळ स्टुलावर बसून राहायची आणि मग घरी यायची. रामकिसन एक पैसा घ्यायचा नाही.

गेल्या शुक्रवारी सोनाजीही तिच्याबरोबर आला होता, आणि फोन दुसऱ्यांदा वाजला. तिनं उचलला. "माय," भिकन म्हणाला, आणि त्याच्या मागून कोकरू ओरडलं. एकदा नाही, सारखं. पोट भरलेलं कोकरू ओरडतं, थांबतं, कान टवकारतं. आईनं लाथाडलेलं थांबत नाही. आवाज चिरेपर्यंत ओरडतं. बानाबाईनं असली शेकडो कोकरं पदराखाली घेऊन वाढवलेली. तिचा हात रिसीव्हरवर गच्च झाला. ती काही विचारणार, तेवढ्यात सोनाजीनं रिसीव्हर ओढून घेतला.

"कंपनी बरी हाय ना?"

"बरी हाय, आबा."

"आत थंडी लई असंल."

"व्हय, आबा," भिकन म्हणाला, आणि फोन कटला.

सोनाजी खुशीत घरी गेला. त्याला कोकरू ऐकू आलं नव्हतं. बानाबाईनं सांगितलं नाही. काय सांगणार? मेंढरं विकून पोराला मेंढरामागं धाडलं, असं?

आठवडा तिला खाऊन गेला. भाकरी थापता थापता हात थांबायचा. एके दिवशी तिनं लव्हाळ्याबरोबर साहेबाची हिरवळही उपटून काढली. सुपरवायझरनं सगळ्या बायांपुढं ती जागा बुटानं दाखवली. पारूबाईनं हळूच विचारलं, "काय झालंय तुला?"

"काय नाय. कान वाजतोय."

पारूबाईचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळणार, या शुक्रवारी, संक्रांतीलाच, असं सगळीकडं बोललं जात होतं. सोळा-सतरा वर्षं चाललेलं भांडण. शहरात पोलीस उतरले होते, पैठण रोडवर जाळीच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. पारूबाई म्हणाली, "पयल्या टायमाला ह्याच नावावरनं आमचं घर जाळलं, तवा रामकिसन कडेवर व्हता. आता बूथ हाय. चांगलं व्हणार म्हणतेत, बानाबाई, आन् मी रातीला उठून बूथचं कुलूप वढून बघती."

गुरुवारी दिवस मावळता सोनाजी हमालीवरून आला. खांद्यावरचं पोतं खाली टाकलं, पाय धुतले नाहीत.

"उद्या फाट्यावर जाऊ नको," तो म्हणाला.

"कामून?"

"पारावर बैठक झाली. पुंजाराम म्हणला, उद्या बंद. आन् जयभीमवाल्याच्या बूथवर आपल्या गावातलं कुणी चढायचं नाय. उद्या बी नाय आन् पुढं बी नाय."

"भिकनचा फोन यायचाय."

"दोन घंट्याच तर वाजायच्या. वाजू दे. आपण ऐकल्या काय, नाय ऐकल्या काय, त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय."

सोनाजी भिंतीला टेकला. रंगाच्या डब्यांनी त्याची बोटं सुजून जाड झाली होती. ती तो एकमेकांत अडकवायचा आणि सोडवायचा. "हमालीचा मुकादम पुंजारामचा भाचा हाय," तो म्हणाला. "शनवारी गेटवरनं परत पाठवील. मग खायचं काय? पुंजाराम म्हणला, फोन मह्या घरी घ्या. आपला माणूस हाय तो."

"आपला माणूस उंबऱ्याबाहेर बसवतो व्हय?"

बानाबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. त्यानं अर्धी खाल्ली, उरलेली शेळीला घातली.

शुक्रवारी सकाळपासून वारा सुटला होता. कोरडा, थंड, डोळ्यांत धूळ घालणारा. संक्रांत असून एकही बाई वाण घेऊन बाहेर पडली नव्हती. दुकानं बंद. रोडवर एसटी नाही, ट्रक नाही. बानाबाईनं तिळाच्या पोळ्या केल्या, नवऱ्याला वाढल्या, स्वतः खाल्ल्या नाहीत. सावली दारातून सरकली तशी ती उठली, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली.

"बाने," सोनाजी म्हणाला.

"मी चालले. तुमी येऊ नका. विचारलं कुणी, तर बाई ऐकत नाय म्हणा."

पारावर सात-आठ जण बसले होते. मधे पुंजाराम, पांढरं धोतर, हातात ट्रान्झिस्टर. ती जवळून गेली तेव्हा बोलणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. पाठीवर नजरा इतक्या टोचत होत्या, की तिनं खोळ आणखी खाली ओढली. तिचे पाय भराभर पडत होते, आणि ते पळतायत असं दिसू नये म्हणून ती मधेच मुद्दाम हळू चालायची.

फाट्यावर पोलिसांची गाडी होती, दोन शिपाई उन्हाला पाठ देऊन बसलेले. बूथचं शटर खाली होतं. तिनं हातानं वाजवलं. आतून आवाज नाही. शिपाई म्हणाला, "बाई, बंद आहे, दिसत नाही का? घरी जा."

आणि तेवढ्यात आत फोन वाजला.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. थांबला. बानाबाईनं शटरला कान लावला. पत्रा बर्फासारखा गार. तिचा श्वास पत्र्यावर आपटून तोंडावर येत होता. थांबला तर थांबू दे, बरा आहे पोरगा, असं ती मनाला सांगत होती, आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजायला लागला.

"रामकिसन!" ती ओरडली. "पारूबाई! आगं, दुसऱ्यांदा वाजतोय!"

बूथच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची खोली होती. मागची कडी निघाली, पारूबाईनं तिचा दंड धरला आणि आत ओढली. अंधारात ठेचकाळत ती काचेच्या खोलीत शिरली. रामकिसननं फोन उचलून धरला होता. "थांब भिकन, कट करू नको. मावशी आल्या."

"माय? एवढा येळ?"

"बोल रे, बाबा."

भिकनच्या मागं वारा वाहत होता, आणि त्या वाऱ्यात मेंढरं होती. एक नाही, पुष्कळ. खुरं पत्र्यावर आपटत होती. गाडीत उभी असावीत. बानाबाईला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"भिकन, त्या कोकराला कोणी पाजलं का नाय?"

तिकडं नुसता वारा.

"मेलं ते, माय," भिकन म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "फ्रिजची कंपनी नाय, माय. पयल्या दिवसापासून नाय. मालकानं इमानतळावरनं थेट वाळूत आणून सोडलं. तीनशे मेंढरं हायेत आन् मी हाय. शुक्रवारी पाण्याच्या गाडीसंगं, इकायची, आजारी मेंढरं घेऊन गावात येतो, तेवढंच माणूस दिसतंय. आबाला सांगू नको. तुला आण हाय."

बानाबाईनं स्टूल चाचपलं आणि खाली बसली. "मारतेत का?"

"कोकरं मेली की मारतो. आता वेताचे दिवस हायेत. मेंढ्या पयलारू, पाजू देत नायत. रोज कोकरं मरायलीत. मला कुठं येतंय, माय? मी कधी मेंढरात गेलोच नाय."

तिला रडायचं होतं. पण तिकडं पोराचे पैसे जळत होते, आणि रडून कुणाचं कोकरू जगलं नव्हतं.

"ऐक. नीट ऐक. पयलारू मेंढी पाजंना, तर मिठाचं पाणी कर. कोकराच्या पाठीला, शेपटाला चोळ. ती चाटती. चाटता चाटता पाजती. ऐकतो ना?"

"व्हय."

"आन् ज्या मेंढीचं मेलं, तिच्या कोकराचं कातडं काढ. गरम हाय तवरच. पोरक्या कोकराच्या अंगावर झुलीसारखं बांध. तिला तिचाच वास येतो. पयल्या दिवशी तिचं तोंड धर, लाथ मारंल, सोडू नको. दोन दिसांनी कातडं काढ."

"व्हय, माय."

"चीक पाजलाच पायजे. चीक चुकला की कोकरू गेलं."

बाहेर काहीतरी शटरवर आदळलं. मग आणखी एक. पत्रा दणाणला. शिपायाची शिट्टी वाजली, पळणाऱ्या पायांचा आवाज झाला. रामकिसननं काचेचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पारूबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसली होती.

"काय वाजलं, माय?"

"वारा हाय. तू बोल."

"मालक म्हणतो, ईद झाली की पासपोर्ट देतो, जायचं तर जा. नायतर अजून दोन वर्षं ऱ्हा, पगार वाढवतो. मी ऱ्हातोच, माय. कोणत्या तोंडानं येऊ? आबानं कळप इकला मह्यापायी."

"भिकन—"

फोन कटला. पैसे संपले असतील.

शिपायांनी दगड मारणाऱ्या पोरांना हुसकावून लावलं होतं. शटरला दोन पोचे आले होते, बाकी काही फुटलं नव्हतं. ती निघणार तर रामकिसन म्हणाला, "थांबा, मावशी, इतक्यात नका जाऊ." मागच्या खोलीत त्यानं रेडिओ लावला. आवाज बारीक ठेवला होता. बातम्यांतली बाई बोलत होती, आणि एकाएकी पारूबाईनं पोराचा हात धरला. नाव मिळालं होतं. बाहेर आत्ताच दगड पडले होते म्हणून ती ओरडू शकत नव्हती. ती नुसती पोराच्या खांद्यावर डोकं आपटत राहिली, आणि रामकिसन हसत होता आणि त्याच्या नाकातून पाणी येत होतं. मग पारूबाई बानाबाईच्या गळ्यात पडली. एकीला कशाचं रडू येतंय आणि दुसरीला कशाचं, हे दोघींनीही विचारलं नाही. पारूबाईनं तिच्या तळहातावर तीळगूळ ठेवला. बानाबाईनं सकाळपासून पहिला घास खाल्ला तो तोच.

ती घरी आली तेव्हा सोनाजी दारातच उभा होता. घरात, अंगणात, पुन्हा घरात अशा त्याच्या येरझाऱ्यांनी मातीत वाट पडली होती.

"दगड पडले म्हणं?"

"पडले."

"भिकनचा आला का?"

भिकननं आण घातली होती. पण ही गोष्ट एकटीनं पोटात ठेवून आठवडा कसा जातो, ते तिनं बघितलं होतं. तिनं खोळ काढून खुंटीला टांगली आणि नवऱ्याकडं न बघता सगळं सांगितलं. वाळू, गाडी, मेंढरं, मार, ईद.

सोनाजी ऐकता ऐकता खाली बसला. "मेंढरं?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं तो हसला, पुंजारामपुढं हसायचा तसा. मग उठून अंगणात गेला आणि शेळीच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

शनिवारी मुकादमानं त्याला गेटवरून परत पाठवलं. "गाड्या कमी हायेत, सोनाजी." गेटात चार गाड्या उभ्या होत्या. रविवारीही तेच. सोनाजी घरी थांबेना. सकाळी उठून चालायला लागायचा. कधी चितेगावपर्यंत, कधी नाल्याच्या कडेनं. कंपनीच्या पाण्यानं नाला निळा-जांभळा झाला होता. संध्याकाळी पायांना धूळ घेऊन यायचा. एकदा बानाबाईनं विचारलं, "कुठं जाता?" तर म्हणाला, "बसवत नाय." रात्रीच्या भाकरीला बसला की एखादं वाक्य बोलायचा. "वाळूत काय चारत असंल?" किंवा, "तीनशे म्हणजे एकट्याला लई झाली." ती कान देऊन ऐकायची. पोराला परत बोलवायचं का, हे मात्र त्याच्या तोंडून येत नव्हतं, आणि बापानं सांगितल्याशिवाय भिकन येणार नाही हे तिला माहीत होतं.

पुढच्या शुक्रवारी तिनं लुगडं बदललं, तर सोनाजी पटका बांधून तयार होता.

पारावर माणसं होती. रोड सुरू झाला होता, ट्रक धावत होते, पण बूथवर गावातलं कुणी जात नव्हतं. पुंजारामनं लांबूनच हाक मारली. "सोन्या, कुठं निघाला?"

सोनाजी थांबला. बानाबाई चार पावलं पुढं गेली होती, ती वळली.

"फोन घ्यायला," सोनाजी म्हणाला.

"मह्या घरचा फोन काय मेलाय का? पोरगं एवढं थंड हवेच्या कंपनीत, आन् बाप कुठल्या टपरीत फोन घेतोय!"

दोघं-तिघं हसले. सोनाजीची मान खाली गेली. बानाबाईला वाटलं, आता हाही हसणार. पण त्यानं मान वर केली, आणि त्याचा आवाज माळावर मेंढरं वळवताना लागायचा तसा लागला.

"कंपनीत नाय ते. मेंढरं राखतंय."

हसणारे एकमेकांकडं बघायला लागले.

"तीनशे मेंढरं राखतंय एकटं. धनगराचं लेकरू हाय, राखंल. आन् मह्यं नाव सोन्या नाय, पुंजाराम. सोनाजी हाय."

तो चालायला लागला. चालता चालता त्यानं हात पटक्याच्या सोग्यात गुंडाळून घेतले. बानाबाई त्याच्या मागून चालली. तिला धाप लागली होती, पण त्याला हळू चला म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

बूथचं शटर वर होतं. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सोनाजीनं तो तिच्या आधी उचलला.

"भिकन. मी बोलतोय. मायनं सांगितलं मला."

"आबा."

"पाण्यावर किती येळा नेतो?"

"दोनदा."

"दुपारी पाजू नको. ऊन उतरल्यावर पाज. कोकरं?"

"मायनं सांगितलं तसं केलं. आता मरंनात. काल तर मालकानं मला खजूर दिले, आबा." रिसीव्हरमधून बाहेर येणाऱ्या त्याच्या आवाजात काहीतरी होतं, जे बानाबाईनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"पायाचं बघ. वाळूत खुरं कुजत नायत, पर काटा मोडतो. लंगडी दिसली की तवाच धर."

"व्हय, आबा."

"कुत्रं हाय का?"

"हाय. मालकाचं हाय, पर मह्याजवळच झोपतं."

बाप आणि पोरगा आयुष्यात कधी इतकं बोलले नव्हते. बानाबाई काचेला टेकून ऐकत होती आणि तिच्या तळपायात आग पडली होती. बोला की. ईद जवळ येतीय. बोला. सोनाजी मेंढीच्या कानांबद्दल काही सांगत होता. आणि मधेच तो थांबला, रिसीव्हर कानापासून लांब धरून बघितला. "गेला," म्हणाला.

"तुमी बोलला नाय," ती म्हणाली.

"काय?"

"त्याला ये म्हणलं नाय. तो ऱ्हाईल तिथं. तुमच्या तोंडाकडं बघून ऱ्हाईल."

सोनाजी स्टुलावर बसला. उठला. दारापर्यंत गेला, परत आला. "रामकिसन," तो म्हणाला, "हितून लागतो का तिकडं? त्या दुकानात?"

"लागतो, काका. नंबर आहे आपल्याकडं." रामकिसन घुटमळला. "पण उचलला की मीटर सुरू. दुकानदारानं उचलला तरी सुरू. आन् भिकन निघाला असंल तर—"

"लाव."

रामकिसननं आकडे फिरवले. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिकडून कुणीतरी परक्या भाषेत बोललं आणि वरचे लाल आकडे पळायला लागले. सोनाजीनं एकदाच त्यांच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली.

"भिकन हाय का? भिकन! अभी तुम्हारे फोन पे था. बकरीवाला!"

"इंडिया? भिकन?" तिकडचा माणूस हिंदीत आला. "वो तो निकला, बाबा. गाडी में पानी भरता."

"गाडी हाय ना? गई नई ना? बुलाव उसकू. मैं बाप हूं उसका."

"पैसा लगेगा, बाबा, ठहरना पड़ेगा."

"लगने दो. बुलाव."

रिसीव्हर फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग त्या माणसाची हाक, लांब, रस्त्यापलीकडं जाणारी. आकडे पळत होते. रामकिसननं मीटरवर रुमाल टाकला. बानाबाईनं रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला आपला कान टेकवला; सोनाजीच्या दाढीचे खुंट तिच्या गालाला रुतत होते. एखाद्या टाकीत पाणी पडत होतं. मेंढरं ओरडत होती. मग कुणीतरी पळत आलं, चपला फटफटत, आणि धापा टाकत फोन उचलला.

"आबा? काय झालं? मायला काय झालं का?"

"कुणाला काय नाय," सोनाजी म्हणाला. तो दोनदा खाकरला. "ईद झाली की कागद घे आन् घरी ये."

"आबा, कळप..."

"कळप मी इकला. तू नाय इकला. घरी ये."

तिकडं पाणी पडत राहिलं.

"येतो, आबा," भिकन म्हणाला.